उस्ताद, वस्ताद आणि मधली हलगी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘गावचं संगीत आणि वस्तादांची दोस्ती’. त्याकडे येतोच, पण आधी शब्द बघा. गाणं शिकवतो तो उस्ताद, कुस्ती शिकवतो तो वस्ताद. मूळ फारसी शब्द एकच, आपण तोंडात घोळवून त्याला लंगोट नेसवला. गवयाच्या घरी मिळते ती तालीम, आणि लाल मातीचा हौद असतो तीही तालीमच.

कोल्हापुरात हे नातं नुसतं शब्दांचं नाही, दगडचुन्याचं आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ सालचं. त्याच्या पाठीला पाठ लावून १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. इकडं माती, तिकडं नाट्यसंगीत. आणि दरबारी गवई कोण? अल्लादियाँ खाँसाहेब! एकाच राजाच्या पदरी खुराक खाणारे पैलवान आणि ख्याल गाणारे खाँसाहेब. (दोघांच्या तुपाचा हिशेब कारकुनानं कसा ठेवला असेल, देव जाणे.) ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्यावर बोलायला लागलो तर आजची सभा तिथंच संपेल. पुढं जाऊ.

आता हलगी, म्हणजे कुस्तीच्या मैदानात वाजतं ते चर्मवाद्य. कडं, त्यावर ताणलेलं शेळीचं कातडं, उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हातात लांब बारीक काडी. जोडीला घुमकं नावाचं चर्मवाद्य आणि कैताळ, म्हणजे झांजा. वाजवण्याआधी ती शेकावी लागते. कागद, पाचट, जे हाताशी असेल त्याचा जाळ करायचा आणि कातड्याची बाजू वीतभर लांब धरून फिरवत राहायचं. एका जागी धरली की कातडं करपतं, नाहीतर काठाला फाटतं. मधूनमधून बोटानं टिचकी मारायची. ‘बद्द’ आवाज जाऊन ‘कडक’ आला की थांबायचं. हवेत ओल असली की कातडं पुन्हा सैल पडतं, म्हणून मैदानाच्या कडेला जाळ तेवत ठेवतात. कातड्याऐवजी फायबरचं पान लावलं तर त्याला शेक लागत नाही, हे खरं. पण मग ते दिवसभर एकाच सुरात टणटणतं, तापत नाही आणि निवतही नाही.

खडाखडी, म्हणजे सुरुवातीची झोंबाझोंबी, चालू असेल तोवर लय ठाय, म्हणजे संथ. पट निघाला, म्हणजे पाय धरून डाव टाकला, समोरच्यावर कब्जा आला की चढवायची. चितपट झाली की कडकडाट. हलगीवाला घाईनं लय चढवू लागला की कोवळा पोरगा उसळतो, दम घालवतो आणि समोरच्याच्या हाती आयता सापडतो. म्हणून जाणता हलगीवाला कुस्तीच्या मागून चालतो, पुढं पळत नाही. गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत हे जमत नाही. तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती आणि दर थोड्या वेळानं शिट्टी. लय चढायच्या आत घड्याळ मध्ये पडतं.

आणि आता माझं दुखणं. मैदानाच्या पोस्टरवर पैलवान, वस्ताद, देणगीदार, देणगीदाराचे चिरंजीव, सगळ्यांचे फोटो असतात. हलगीवाल्याचं नाव शोधून दाखवा! ही कला मातंग समाजातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. बिदागी द्यायची वेळ आली की आयोजकाला खिसा सापडत नाही, मात्र स्पीकरच्या भिंती आणायला पैसा सापडतो. त्या भिंतींपुढं निवेदकाला कुस्तीची जोड ओरडून सांगावी लागते आणि...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. बरं.

तर मूळ मुद्दा, वस्तादांची दोस्ती हलगीभोवती कशी जमते, तो थोडक्यात. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी. तालमी वेगळ्या, ईर्ष्या कडवी. इथले फुटबॉल संघसुद्धा पाटाकडील, दिलबहार अशी तालमींचीच नावं लावून भांडतात. पण हलगीवाला कुठल्याच तालमीचा नसतो. तो आज या जत्रेत, उद्या त्या. या वस्तादाच्या पोराचा गुडघा दुखावलाय, त्या पोराचं वजन वाढलंय, या बातम्या त्याच्याबरोबर फिरतात. हे पहिलं.

दुसरं, जोडी लावणं. माझा पोरगा तुझ्या पोराशी लावायचा, तर वजन आणि तयारी खरी सांगावी लागते. खोटं बोललेल्या वस्तादाला पुढच्या जत्रेत कुणी जोड देत नाही. ही बोलणी हलग्या शेकत असताना, त्याच जाळाभोवती होतात. दोस्ती तिथं जमते, सत्काराच्या स्टेजवर नव्हे.

तिसरं, आठवण. कुस्ती सुरू झाली की दोघेही वस्ताद कडेला. आत जाता येत नाही, आरडाओरड हलगीत बुडून जाते. दोघांच्या कानात एकच लय. म्हणून म्हातारपणी साल विसरतं, इनाम विसरतं, पण हलगी कुठं चढली ते दोघेही मांडीवर बोटं वाजवून दाखवतात, आणि ठेका जुळतो.

थांबतो. घुमकं राहूनच गेलं, प्रश्नोत्तरांत कुणीतरी मुद्दाम विचारा.