उघड्या दारापाशी थांबलेली माणसे

उत्तर ग्रीसमध्ये फिलिप्पै या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. तिथला दगडी फरसबंदीचा रस्ता म्हणजे रोमनांनी बांधलेला व्हिया एग्नातिया. आड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यापासून बायझँटियमपर्यंत जाणाऱ्या या राजमार्गावरून सैन्ये गेली, व्यापारी गेले, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास पौल व सीला हे दोन ख्रिस्ती धर्मप्रसारक याच नगरात आले. जवळच एक लहानशी कमानदार खोली आहे, जी भाविकांना पौलाचा तुरुंग म्हणून दाखवली जाते. पुरातत्त्वज्ञ मात्र ते मुळात पाण्याचे टाके मानतात. जागेचा वाद बाजूला ठेवला, तरी त्या तुरुंगातील रात्रीची हकिकत बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात तपशीलवार आली आहे. ख्रिस्ती श्रद्धेत स्वातंत्र्य आणि धैर्य या शब्दांचा अर्थ काय होतो, हे पाहायचे असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

या नगरात एक दासी होती. तिच्या भविष्यकथनावर तिचे धनी बक्कळ पैसा मिळवत होते. तिला पछाडणाऱ्या आत्म्यापासून पौलाने तिची सुटका केली आणि धन्यांच्या कमाईची आशाच संपली. त्यांनी पौल व सीला यांना चव्हाट्यावर ओढत नेले, अधिकाऱ्यांनी चौकशी न करताच त्यांचे कपडे फाडून त्यांना छड्यांनी झोडपायला लावले, आणि तुरुंगाच्या अगदी आतल्या कोठडीत त्यांचे पाय खोड्यात अडकवण्यात आले. मध्यरात्री हे दोघे प्रार्थना करत होते, स्तोत्रे गात होते, आणि इतर कैदी ऐकत होते. तेवढ्यात मोठा भूकंप झाला, सगळी दारे उघडली आणि सर्वांची बंधने गळून पडली.

तुरुंगाधिकारी जागा झाला, त्याने उघडी दारे पाहिली आणि तलवार उपसली, ती स्वतःवर चालवण्यासाठी. पहाऱ्यातून कैदी निसटले, तर पहारेकऱ्याला त्याची किंमत जिवाने मोजावी लागे. याच पुस्तकात चार अध्याय आधी येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटल्यावर हेरोद राजाने पहारेकऱ्यांना ठार मारण्याची आज्ञा दिल्याची नोंद आहे. अंधारातून पौल मोठ्याने ओरडला, “स्वतःला काही इजा करून घेऊ नकोस, आम्ही सर्व जण इथेच आहोत.”

भूकंपाचे नवल बाजूला ठेवून या एका वाक्यापाशी थांबले पाहिजे. दार उघडे आहे, पायांत बेडी नाही, बाहेर रात्र आहे, आणि तरीही हे कैदी आत आहेत, कारण त्यांच्या बाहेर पडण्याने एका माणसाचा जीव जाणार आहे. तो माणूस कोण, तर काही तासांपूर्वी त्यांचे पाय खोड्यात घालणारा. त्याच रात्री, त्याच घटकेला त्याने त्यांच्या पाठीवरचे वळ धुतले, त्यांना आपल्या घरी नेले आणि जेवू घातले. ख्रिस्ती परंपरेला स्वातंत्र्य म्हणताना जे अभिप्रेत आहे, ते या कोठडीत दिसते. सुटण्याची संधी समोर असताना दुसऱ्याच्या जिवासाठी जागेवर राहता यावे, इतका माणूस स्वतःच्या भयातून मोकळा झालेला असतो.

याचा अर्थ निमूटपणे सोसणे असाही नव्हे, आणि हे पुढच्या सकाळीच स्पष्ट होते. अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की त्या माणसांना सोडून द्या. पौलाने जाण्यास नकार दिला. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हाला दोषी न ठरवता लोकांसमोर फटके मारले, आणि आता गुपचूप घालवून देता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. अधिकारी घाबरले आणि स्वतः आले. रात्री दुसऱ्यासाठी थांबणारा माणूस सकाळी अन्याय झाकू देत नाही. या दोन गोष्टी एकाच मुळातून येतात, असे आम्हाला वाटते. पहिली सांगून दुसरी विसरणाऱ्या प्रवचनांनी दुबळ्यांचे फार नुकसान केले आहे.

हाच पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो की ख्रिस्ताने आपल्याला स्वातंत्र्यासाठी मुक्त केले आहे, म्हणून पुन्हा गुलामगिरीच्या जुवाखाली जाऊ नका. देवाने आपल्याला स्वीकारावे म्हणून नियमांची बेरीज करत राहण्याच्या धास्तीला तो गुलामगिरी म्हणतो. मात्र त्याच अध्यायात थोडे पुढे तो बजावतो की हे स्वातंत्र्य देहवासनेला मोकळीक म्हणून वापरू नका, तर प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. सुमारे पंधराशे वर्षांनी, 1520 मध्ये, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरील आपल्या पुस्तिकेच्या आरंभीच हा पेच मांडला: ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वतंत्र धनी आहे आणि कुणाच्या अधीन नाही, ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक आहे आणि सर्वांच्या अधीन आहे. ज्याला स्वतःचे मोल सिद्ध करायचे उरलेले नाही, त्याचे हात दुसऱ्यासाठी रिकामे होतात, एवढा साधा त्याचा उलगडा आहे.

मग धैर्य म्हणजे काय? भीती न वाटणे हे धैर्य असेल, तर शुभवर्तमानातील, म्हणजे येशूच्या चरित्रातील, अटकेआधीची गेथशेमाने बागेची रात्र कुठे बसवायची? तिथे येशू अतिशय व्याकूळ होतो, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे मित्रांना सांगतो, आणि हा दुःखाचा प्याला दूर कर अशी विनवणी पित्याला करतो. हे लपवावे असे पहिल्या ख्रिस्ती लेखकांना वाटले नाही. पेत्राचे भय तर त्यांनी आणखी उघडपणे लिहून ठेवले आहे. येशूला पकडून नेल्यावर प्रमुख याजकाच्या अंगणात थंडी होती, कोळशांचा विस्तव पेटवला होता, आणि त्याच्याजवळ शेकत असतानाच, आपण येशूला ओळखत नाही, असे पेत्र म्हणाला. कोळशांच्या विस्तवासाठी शुभवर्तमानकार योहानाने वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात दोनदाच येतो. एकदा या अंगणात आणि दुसऱ्यांदा पुनरुत्थानानंतर तलावाच्या काठी, जिथे तशाच विस्तवावर मासळी ठेवून येशू वाट पाहत असतो आणि पेत्राला तीन वेळा विचारतो, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” दोषारोप नाही, खुलासा मागितलेला नाही. पेत्राचे पुढचे धैर्य या क्षमेतून आले आहे.

काही आठवड्यांनी हाच पेत्र योहान या शिष्याबरोबर यरुशलेमच्या न्यायसभेसमोर उभा राहिला, तेव्हा या अशिक्षित, सामान्य माणसांचे धैर्य पाहून सभा चकित झाली. येथे ‘धैर्य’ म्हणून आलेला मूळ ग्रीक शब्द ‘पार्रेसिया’ असा आहे. अथेन्समध्ये तो स्वतंत्र नागरिकाच्या मोकळेपणाने बोलण्याच्या हक्कासाठी वापरला जाई, आणि दासाला तो हक्क नसे. कोळ्याच्या तोंडी तो शब्द यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ते सुटून आल्यावर ख्रिस्ती मंडळीने केलेली प्रार्थनाही पाहण्यासारखी आहे. धमक्या थांबाव्यात असे तिने मागितले नाही, मोकळेपणाने बोलता यावे असे मागितले.

ही शिकवण धोक्याची आहे, हे सत्ताधाऱ्यांनी ओळखले होते. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलमधील निवडक भागांचे एक पुस्तक छापण्यात आले. त्यात योसेफ गुलाम म्हणून विकला गेल्याची कथा होती, दासांनी धन्यांची आज्ञा पाळावी हे वचन होते. पण मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढल्याची कथा वगळली होती, आणि ख्रिस्तामध्ये दास नाही, स्वतंत्र नाही, हे पौलाचे वाक्यही वगळले होते. ज्यांनी ती पाने काढली, त्यांना त्यांचा अर्थ नेमका कळला होता. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनीच हे केले, हे इथे स्पष्ट शब्दांत सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

आता ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड हे लहानसे गाव. फ्रान्झ येगरश्टेटर या गावचा शेतकरी, पत्नी फ्रान्सिस्का आणि तीन लहान मुलींचा संसार सांभाळणारा, आणि गावच्या चर्चमध्ये सेवेकरी म्हणून काम पाहणारा. सैन्यात हजर होण्याचा हुकूम आला तेव्हा 1943 च्या मार्च महिन्यात तो हजर झाला, आणि हिटलरसाठी शस्त्र हाती घेणार नाही, असे त्याने तिथेच सांगितले. त्याआधी त्याने आपल्या बिशपांचा सल्ला घेतला होता, आणि त्यांनीही कुटुंबाची जबाबदारी त्याच्यापुढे ठेवली होती. त्याच्या मागे कोणतीही संघटना नव्हती, त्याच्या नकाराने युद्धावर काही परिणाम होणार नव्हता, आणि मुली बापाविना वाढणार हे त्याला ठाऊक होते. हा प्रश्न सोपा होता असे दाखवणे त्याच्यावरही अन्यायाचे ठरेल. तुरुंगातून त्याने लिहिले की आपण बांधलेल्या हातांनी लिहीत आहोत, पण इच्छाच बेड्यांत असण्यापेक्षा हे बरे. 9 ऑगस्ट 1943 रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद करण्यात आला. 26 ऑक्टोबर 2007 रोजी लिंझच्या कॅथीड्रलमध्ये चर्चने त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, तेव्हा 94 वर्षांच्या फ्रान्सिस्का तिथे उपस्थित होत्या.

शेवटी पुन्हा पौलाकडे, या वेळी रोममध्ये. सम्राटाकडे दाद मागितलेला हा कैदी भाड्याच्या घरात राहतो आहे, पहाऱ्यावर शिपाई आहे, आणि भेटीला आलेल्यांना तो आपली साखळी दाखवतो. पूर्ण दोन वर्षे त्याच्याकडे जे जे येत, त्या सर्वांचे तो स्वागत करतो आणि मोकळेपणाने शिकवतो. येथेही तोच पार्रेसिया शब्द आहे. निकाल काय लागला, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगत नाही. साखळीचा उल्लेख करून जेमतेम दहा-अकरा वचने झाली आहेत, आणि लेखक आपल्या पुस्तकाचा अगदी अखेरचा शब्द लिहितो, ‘अकोलुतोस’, म्हणजे कोणत्याही अडथळ्यावाचून.