क्रूगरमध्ये मुक्काम कुठे करावा

नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेच्या सहलीचा एक ठरलेला कार्यक्रम आपल्याकडे बहुतेकांच्या हातात पडतो. केपटाउन, टेबल माउंटन, जोहान्सबर्ग आणि मध्ये कुठेतरी क्रूगर नॅशनल पार्क, एक रात्र, फार तर दोन. आज मी फक्त क्रूगरबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही मुक्कामाबद्दल. तिथे आपल्याला काय दिसणार, दिवसाच्या कोणत्या वेळी दिसणार आणि आपले पैसे शेवटी कोणाकडे जाणार, हे सगळं आपण रात्री कुठे राहतो यावर ठरतं. म्हणून माझा आग्रह आहे की मुक्काम उद्यानाच्या आत करा, आणि रोज नवं ठिकाण गाठण्याऐवजी दोन-तीन ठिकाणी निवांत राहा.

आधी आकार ध्यानात घ्या. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर धरून साधारण १,७०० चौरस किलोमीटर आहे. क्रूगर १९,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि दक्षिणोत्तर सुमारे ३५० किलोमीटर पसरलेलं आहे. आत डांबरी रस्ते आहेत, मातीचे रस्ते आहेत, पेट्रोल पंप आहेत, किराणा दुकानं आहेत. आणि आपल्याला सर्वांत नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन तुम्ही एकटे हिंडू शकता. जिप्सी नाही, गाईड नाही, सकाळ-दुपारची पाळी नाही. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डावीकडून चालतात. डांबरावर ताशी ५०, मातीवर ४० ही वेगमर्यादा आहे आणि ती खरोखर तपासतात. नेमून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, हा नियम तर डोळ्यांत तेल घालून पाळायचा.

आता फाटकाची वेळ. मे महिन्यात फाटक सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ५:३० ला बंद होतं. बाहेरच्या हॉटेलात उतरलेला माणूस पहाटे उठून गाडी काढतो, फाटकावर रांगेत थांबतो, कागदपत्रं दाखवतो आणि आत येईपर्यंत ऊन वर आलेलं असतं. आत मुक्काम असलेला माणूस सहाच्या ठोक्याला कॅम्पच्या दारातून निघतो. रात्रभर रस्त्यावर पडून राहिलेले सिंह, बिळाकडे परतणारी तरसं, हे दृश्य त्या पहिल्या तासाचं असतं. मेमधल्या पहाटे तिथे चांगलीच थंडी असते, स्वेटर लागतोच. ताडोबाला मे म्हणजे भाजून काढणारा उन्हाळा. क्रूगरला तो कोरड्या हिवाळ्याचा आरंभ. गवत खाली बसायला लागतं, जनावरं पाण्याकडे सरकतात आणि डासही कमी होतात. आपल्या मुलांच्या सुट्टीशी याहून चांगला मेळ बसणं कठीण आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर उकाडा असतो आणि पहिल्या पावसाच्या सरी भेटतात. तेव्हाही जनावरं छान दिसतात, पण मलेरियाचा हंगाम सुरू झालेला असतो, म्हणून गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. आणि अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे विमान असेल, मध्ये १२ तासांहून जास्त थांबा असेल, तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ही लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. व्हिसा तर लागतोच.

राहण्याच्या जागा सरळ सांगतो. उद्यान चालवणाऱ्या सॅनपार्क्स या सरकारी संस्थेचे रेस्ट कॅम्प आहेत. गवताने शाकारलेल्या गोल खोल्या, त्यांना राँदाव्हेल म्हणतात. बाहेर ओटा, निखाऱ्यावर भाजायची जागा, बऱ्याच ठिकाणी छोटं स्वयंपाकघर. शाकाहारी कुटुंबांना मी हेच सुचवतो. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात डाळ, तांदूळ, मसाले सगळं मिळतं. ते गाडीत टाकलं की आठवडा निघतो. पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला तिथे ‘पाप’ म्हणतात, आणि त्यावर चकालाका, म्हणजे टोमॅटो-कांदा-घेवड्याचं तिखट कालवण, हे मात्र तिथलं तिथे खाऊन बघा. आपल्या जिभेला ते परकं वाटत नाही.

पण कुठला कॅम्प? इथे जमिनीकडे पाहावं लागतं. उद्यानाच्या पश्चिम बाजूला ग्रॅनाइट आहे आणि पूर्व बाजूला बेसाल्ट, आपल्या दख्खनसारखाच काळा लाव्ह्याचा खडक. बेसाल्टवरच्या मातीत कसदार गवत उगवतं. म्हणून मध्यभागातल्या सातारा नावाच्या कॅम्पभोवतीच्या माळावर झेब्रा आणि विल्डबीस्टचे कळप असतात, आणि कळप आहेत म्हणून सिंह आहेत. दक्षिणेला लोअर साबी हा कॅम्प नदीकाठी आहे. जवळच्या सनसेट डॅमवर पाणघोडे आणि मगरी गाडीतूनच दिसतात. स्कुकुझा सर्वांत मोठा कॅम्प, सोयी भरपूर, गर्दीही भरपूर. ऑलिफंट्स कॅम्प उंच कड्यावर आहे आणि खाली नदी वाहते. तिथे दुपारी गाडी काढूच नका, कठड्याशी दुर्बीण घेऊन बसा. ऑलिफंट्स नदी ओलांडली की मोपानी नावाच्या झाडांचं रान सुरू होतं. तिथे हत्ती आणि रानम्हशींचे कळप भेटतात, बाकी जनावरं विरळ. त्याहून उत्तरेला रस्ता मकरवृत्त ओलांडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लोअर साबी आणि सातारा घ्यावं. पक्ष्यांचा नाद असेल तर उत्तर सोडू नका.

अगदी छोट्या मुक्कामांची माहिती आपल्याकडे फार कमी लोकांना असते. बियामिती, तालामती, शिमुवीनी यांसारखे बुशवेल्ड कॅम्प आहेत. तिथे दुकान नाही, उपाहारगृह नाही, आणि तिथे राहणाऱ्यांखेरीज कोणाला प्रवेश नाही. फालाबोर्वाजवळच्या सेबल डॅमवर तर पक्षी पाहण्याची लाकडी खोपीच रात्रीपुरती आरक्षित करता येते. अंधारात पाण्यावर कोण येऊन जातं ते ऐकत पडायचं. मला विचाराल तर पंचतारांकित खोलीपेक्षा अशी एक रात्र मोलाची आहे.

उद्यानाला लागून साबी सँड, तिंबावती अशी खासगी अभयारण्यं आहेत. साबी सँड आणि क्रूगरमधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं गेलं, त्यामुळे जनावरं तीच. फरक इतकाच की तिथे उघडी जीप रस्ता सोडून आत जाऊ शकते, पुढे माग काढणारा बसलेला असतो, आणि बिबट्या अगदी जवळून दिसतो. खर्च मात्र कॅम्पच्या अनेक पट येतो. ऐपत असेल तर शेवटच्या दोन रात्री तिथे घालवा. आधी स्वतः हिंडून, डोळे सरावल्यावर तो माग काढणारा माणूस काय वाचतो हे जास्त कळतं.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे व्याख्यान द्यावंसं वाटलं ती सांगतो. या जंगलात माणसं राहत होती. साबी राखीव क्षेत्र १८९८ मध्ये घोषित झालं, १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढच्या वर्षीपासून मोटारीने पर्यटक येऊ लागले. वर्णभेदाच्या काळात गोरे नसलेल्या पाहुण्यांना मोठ्या कॅम्पमध्ये जागा नव्हती. त्यांच्यासाठी ऑलिफंट्स नदीजवळचा बालुले हा साधा कॅम्प ठेवलेला होता. आज आपण स्कुकुझाच्या ओट्यावर चहा पितो तेव्हा हे माहीत असायला हवं.

आणि टोकाला, उत्तरेला, लिंपोपो आणि लुवुवू या नद्यांच्या मधे पाफुरी आहे. हा मकुलेके लोकांचा मुलूख. १९६९ मध्ये त्यांना इथून हुसकून लावलं, स्वतःची घरं स्वतःच्या हातांनी जाळायला लावली आणि ती जमीन क्रूगरला जोडली. वर्णभेद संपल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये सुमारे २४,००० हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. तिथे पुन्हा वस्ती करण्याऐवजी त्यांनी ती जमीन संरक्षित जंगल म्हणूनच ठेवली, व्यवस्थापन सॅनपार्क्सबरोबर वाटून घेतलं आणि पर्यटनाचे हक्क स्वतःकडे राखले. त्या जमिनीवरचे लॉज त्यांच्याशी करार करून चालतात. भाडं आणि नोकऱ्या गावाकडे जातात. ताडोबाच्या गाभ्यातून आपणही गावं बाहेर आणली आहेत, म्हणून ही हकिगत मला परकी वाटत नाही, आणि आपल्या वनखात्याने, आपल्या पर्यटकांनी ती नीट ऐकावी असं फार वाटतं.

पाफुरीला सिंह-बिबटे दक्षिणेइतके सहज दिसत नाहीत. पण पिवळट हिरव्या सालीच्या फीव्हर ट्रीचं वन आहे, प्रचंड गोरखचिंचा आहेत, आणि नदीकाठी मासे धरणारं पेल्स घुबड आहे. या दोन नद्यांच्या संगमावर, क्रूक्स कॉर्नरला उभं राहिलं की नदीपलीकडे झिम्बाब्वे आणि मोझांबिक दिसतात. लॉज परवडत नसेल तर पुंडा मारियाच्या सरकारी कॅम्पमध्ये राहून दिवसभरासाठी इथे येता येतं.

शेवटचं, कामाचं. गेंडा दिसला तर जागेसकट फोटो टाकू नका. शिकाऱ्यांमुळे इथले गेंडे फार घटले आहेत. आणि आरक्षण साधारण अकरा महिने आधी खुलं होतं. सातारा, लोअर साबी आणि छोटे कॅम्प आधी भरतात. तुम्हाला पुढच्या मेमध्ये जायचं असेल तर याच जूनमध्ये संगणकासमोर बसा, आधी कॅम्पच्या रात्री पक्क्या करा, आणि विमानाची तिकिटं त्यानंतर काढा.