स्टिकर चिकटवण्याआधी जागेवर जाऊन बसा

नमस्कार श्रोतेहो.

आज मी स्टिकरबद्दल बोलणार आहे. विद्यार्थ्यांच्या गटाने मिळून सार्वजनिक जागेसाठी केलेल्या स्टिकरबद्दल. मी कला शिकवते, आणि हे काम मला फार जवळचं आहे. एरवी मुलांची चित्रं वर्षाअखेरच्या प्रदर्शनात टांगली जातात, आई-वडील बघून जातात, मग ती कपाटात जातात. स्टिकरचं तसं नाही. तो ज्याच्यासाठी केला तो माणूस त्याच्यासमोर रोज येऊन उभा राहतो, घाईत असतो, आणि त्याला चित्रकलेशी काही देणंघेणं नसतं. अशा माणसासाठी चित्र काढणं ही मोठी परीक्षा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटपेक्षाही मोठी.

आपल्याला स्टिकर अगदी परिचयाचा आहे. आरशाच्या कडेला लावून ठेवलेल्या टिकल्या कुठल्या घरात नाहीत? मोटारसायकलवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’, रिक्षाच्या काचेवर ग्रामदैवत, वहीवर नाव-इयत्ता-तुकडीचं लेबल, दिवाळीत उंबरठ्यावर चिकटवलेली लक्ष्मीची पावलं. बहुतेक तालुक्याच्या गावी ‘रेडियम आर्ट’ अशी पाटी लावलेलं एखादं छोटं दुकान असतं. मी मुलांना सगळ्यात आधी तिथे पाठवते. तो कारागीर प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर, विनाइल म्हणजे चिकट पाठीचं पातळ प्लॅस्टिक कापतो, अक्षराच्या पोटातला नको असलेला तुकडा चिमट्याने अलगद उचलतो, वरून ट्रान्सफर टेप लावतो आणि सगळं अक्षर एका झटक्यात गाडीवर बसवतो. ‘श्री’मधली बारीक रेघ कापताना का तुटते आणि ती किती जाड ठेवावी लागते, हे तो जितकं नेमकं सांगतो तितकं वर्गात सांगता येत नाही.

आता एक काम जरा सविस्तर सांगते. आमच्या मुलांनी एका एसटी स्थानकासाठी स्टिकर करायचं ठरवलं. असा विषय दिला की पहिल्या तासाला फळ्यावर काय येतं, ते शिक्षक श्रोत्यांना ठाऊक असेल. पाणी वाचवा. झाडे लावा. येथे थुंकू नका. हे सगळं स्थानकाच्या भिंतीवर आधीच तैलरंगात लिहिलेलं असतं, आणि तिथून जाणाऱ्या कुणालाही ते दिसेनासं झालेलं असतं. म्हणून मी मुलांना फळा पुसायला सांगितला. वही घ्या, स्थानकावर जाऊन बसा, गर्दीच्या वेळी आणि दुपारच्या सामसुमीतही. चित्र काढू नका. लोक काय शोधतात, कुणाला काय विचारतात, कुठे अडखळतात, एवढंच लिहा.

वह्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, ‘गाडी लागली का?’ त्यावर स्टिकरचा उपाय नाही. पण एका मुलीने वेगळंच टिपून आणलं होतं. तान्हं बाळ घेतलेली एक बाई चौकशीच्या खिडकीपाशी गेली. खिडकीत वाहतूक नियंत्रक पुरुष, मागे रांगेतही पुरुष. काही न विचारताच ती परत फिरली, बाकाच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली आणि पदर ओढून घेऊन बाळाला पाजू लागली. त्याच इमारतीत हिरकणी कक्ष, म्हणजे आयांना बाळाला पाजायला ठेवलेली खोली, होता. पार्सलच्या खोलीच्या पलीकडे, वळणाआड. त्याच्या दारावर पाटीही होती, पण दारापर्यंत पोचलेल्या बाईलाच ती दिसणार.

विषय ठरला. प्रवेशद्वारापासून त्या दारापर्यंत खांबाखांबावर छोटे स्टिकर. एकामागून एक ते बघत गेलं की कुणाला काही न विचारता खोली सापडली पाहिजे.

पहिल्या कच्च्या चित्रांत सगळ्यांनी रायगडचा कडा काढला होता. साहजिकच आहे. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर बाळासाठी कडा उतरून गेलेली हिरकणी आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण पाच इंचांच्या चौकटीत कडा, चंद्र आणि लोंबकळणारी बाई बसवली की ती गिर्यारोहणाच्या शिबिराची जाहिरात दिसते. मग कुणी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई काढली. त्यावर गटातली एक मुलगी म्हणाली, बसलेली बाई बघून लोकांना वाटेल की इथेच बसायचंय. आपल्याला तर ‘या, पुढे चला’ म्हणायचंय. म्हणून चालणारी आई काढायची ठरली, बाळ कडेवर, आणि वेगळा बाण नको म्हणून पदराच्या टोकाचाच बाण.

इथे खरी गंमत सुरू झाली. चालणाऱ्या बाईचा पदर वाऱ्याने मागे उडतो, म्हणजे बाण उलट्या दिशेला! दोन-तीन दिवस यावर खल झाला. शेवटी पदर बाळाच्या अंगावरून पुढे घेतला, बाळावर पांघरलेला, आणि त्याचं टोक पुढे आलं. आई बाळाला जपतेय हेही त्यात आलं आणि दिशाही आली. मग डावीकडे जाणारी आई कॉम्प्युटरवर आरशासारखी उलटवून उजवीकडे जाणारी तयार केली. मुलांना ते ठीक वाटलं. मुलींनी लगेच पकडलं की पदर उजव्या खांद्यावर गेलाय. आपल्याकडे सहसा असा पदर कुणी घेत नाही, आणि रोज साडी नेसणाऱ्या बाईला ते क्षणात खटकणार. त्यामुळे दुसरी आकृती नव्याने काढावी लागली, पलीकडच्या खांद्यावरून पुढे आलेला पदर नीट विचार करून. एका पदरासाठी एवढी मेहनत का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन की सगळं काम त्या पदरातच होतं.

अक्षरांचंही असंच. दहा फुटांवरून सहज वाचायचं तर साधारण इंचभर उंचीचं अक्षर लागतं. देवनागरीत त्यावर वेलांटी आणि रफार, खाली उकार, यांची जागा वेगळी ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर ‘हिरकणी’ची वेलांटी कडेवर कापली जाते. मुलांना मी अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांसाठी केलेल्या वृत्तपत्रातल्या जाहिराती दाखवते. नाटक गंभीर आहे की हलकंफुलकं, हे त्यांच्या अक्षरावरूनच कळायचं. आमच्या मुलांनी शेवटी गोलसर, जाड आणि शांत अक्षर निवडलं. सरकारी सूचनेसारखं ते दिसायला नको होतं.

जगात या प्रकारच्या कलेला मोठी परंपरा आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकणाऱ्या शेपर्ड फेअरीने आंद्रे द जायंट या कुस्तीगीराच्या चेहऱ्याचा स्टिकर केला. मित्रमंडळींनी तो इथेतिथे चिकटवला आणि पुढे तो जगभर पोचला. त्यामागे खास संदेश काही नव्हता. हे काय आहे, असं लोकांना वाटावं एवढंच. मला मात्र कँडी चांग या कलावतीचं काम जास्त भावतं. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहरात किती तरी इमारती ओस पडल्या होत्या. २०१० मध्ये तिने ‘इथे अमुक असतं तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचे, पुढे जागा कोरी सोडलेले स्टिकर छापले आणि बंद दुकानांवर लावले. लोकांनी त्या रिकाम्या जागा भरल्या. कुणी किराणा दुकान मागितलं, कुणी बेकरी. स्टिकर असे निवडले होते की भिंतीला इजा न होता ते काढता येतील. बोलायचं लोकांनी आणि जागा करून द्यायची कलावंताने, ही कल्पना कुठल्याही कॉलेजच्या गटाला झेपण्यासारखी आहे.

आता परवानगीबद्दल, कारण इथे तरुण मुलांना घाई होते. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रुपीकरण प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यात दंडाची तशीच कैदेची तरतूद आहे. फेअरीलाही त्याच्या देशात अटक झालेली आहे. पण मला परवानगी महत्त्वाची वाटते ती कायद्याच्या भीतीने नाही. ती भिंत रोज कुणीतरी झाडतं, पुसतं, रंगवतं. त्या माणसाला न विचारता तिथे काही लावणं मला पटत नाही. आमच्या मुलांनी स्थानकप्रमुखांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र दिलं. सोबत खऱ्या मापाचा एक नमुना, कुठल्या खांबावर किती उंचीवर लावणार याचा नकाशा, आणि कधी काढणार तेही लिहून. साहेबांनी नकाशा हातात घेऊन सगळं स्थानक फिरून पाहिलं आणि दोन खांब बदलायला लावले, कारण तिथे माल उतरवताना हातगाडी घासते. हे आम्हाला वर्गात बसून कधी कळलं नसतं. सफाई करणाऱ्या मावशींनीही एक गोष्ट सांगितली. फरशीवर पावलं लावू नका, फिनाइलच्या पाण्याने कडा सुटतात आणि त्यात माती भरते. मुलांच्या मनात लक्ष्मीच्या पावलांसारखी पावलं लावायचं होतं. तो विचार तिथेच सोडला.

साहित्याचं थोडक्यात सांगते. साधा कागदी स्टिकर आपल्या दमट हवेत टिकत नाही. विनाइल घ्या, त्यावर मॅट लॅमिनेशन करा, म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकणार नाही. गोंद दोन तऱ्हेचा येतो, कायमचा आणि काढता येणारा. सार्वजनिक जागेसाठी दुसराच मागून घ्या. चुना लावलेल्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर स्टिकर धरत नाही, चुन्याची भुकटी घेऊन तो खाली येतो. टाइल, काच, स्टील, तैलरंगाचा गुळगुळीत पृष्ठभाग, हे चांगले. आधी साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करायचं, मधोमध टेकवून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने दाबत न्यायचं, बुडबुडा राहिलाच तर सुईने टोचायचं. काढताना हेअर ड्रायरने जरा ऊब द्या आणि हळूहळू, भिंतीला समांतर ओढा. राहिलेला चिकटपणा खोबरेल तेलाने जातो. आणि विनाइल हे शेवटी प्लॅस्टिकच, म्हणून हवे तेवढेच छापा. कमी दिवसांचं आणि आडोशाचं काम असेल, तर कागदावर छापून मैद्याच्या खळीने लावा. खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घातला की तिला कीड लागत नाही. मोरचूद विषारी असतो, तेव्हा ते काम शिक्षकांनी स्वतः करावं, आणि त्यासाठी वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

स्टिकर आम्ही खांबांवर साधारण चार फुटांवर लावले. कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेली बाई वर बघत चालत नाही. बाकावर बसलेल्या बाईलाही ते नजरेच्या टप्प्यात येतात. लावून झाल्यावर मुलं पुन्हा वह्या घेऊन बाकावर बसली. एक मावशी आल्या, सोबत सून आणि नातू. मावशींनी स्टिकर पाहिला, सुनेला कोपराने खुणावलं, आणि तिघंही वळणाआड गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, तसं आधीच ठरलं होतं. पण त्यांचे चेहरे मी पाहिले.

शिक्षकांनो, हा प्रकल्प घ्यायचा असेल तर शाळा-कॉलेज सुरू झाल्या झाल्या घेऊ नका. पावसाळ्यात भिंती ओल्या असतात. तेव्हाचे महिने निरीक्षणाला आणि चित्रांना द्या, लावायचं काम दिवाळीनंतर करा. उन्हात पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, म्हणून मुख्य आकृती काळ्या किंवा गडद निळ्या रंगात ठेवा. थोडे जास्तीचे स्टिकर स्थानकप्रमुखांकडे देऊन ठेवा, म्हणजे एखादा फाटला तर वाट मध्येच तुटणार नाही. गटातल्या दोघांची नावं वहीत लिहून घ्या, परीक्षा संपल्यावर येऊन स्टिकर तपासायला आणि ठरल्या तारखेला काढायला.

नमस्कार.