तळं निवडताना मासा शेवटी

नमस्कार मंडळी. विषय ऐकून मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले ते दिसलं मला, आणि बरोबरच आहे की ओ, सोलापुरात उभं राहून गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला कुठलं तळं निवडावं हे सांगायचं म्हणजे हसू येणारच. आपल्याकडे जानेवारीत पारा बारा-तेरावर आला की गड्ड्याच्या जत्रेत फिरायला लोक कानटोपी घालून निघतात. पण मंडळाच्या लोकांनीच सांगितलं, अमेरिकेची नोकरी, पगार, व्हिसा यावर सगळेच बोलतात, तुम्ही तिथं थंडीत काय करायचा ते सांगा. तर हे करायचो. मी मिनिॲपोलिसला होतो, मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या बॉर्डरला लागून आहे ते. दहा हजार तळ्यांचं राज्य असं त्यांच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरच लिहिलेलं असतं, आणि दहा एकरांपेक्षा मोठी तळी मोजली तर प्रत्यक्षात ११ हजार ८४२ भरतात. म्हणजे निवडायला भरपूर, आणि भांडायलाही.

आमच्या ग्रुपात दोन मराठी, एक हैदराबादचा, एक तिथलाच ज्याच्याकडे सगळं सामान होतं, आणि मग कुणाची बायको, कुणाचं पोरगं, कुणाचा नवीन आलेला मेहुणा असे येऊनजाऊन. डिसेंबर संपत आला की व्हॉट्सॲपवर सुरू व्हायचं, इथं वॉलाय लागतोय, तिथं क्रॅपी मोठे मिळालेत, फोटो बघ. वॉलाय म्हणजे तिथला राजा मासा, काटे कमी, चवीला एक नंबर. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं आणि आजही तेच सांगायला आलोय, की तळं निवडताना मासा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बर्फ, मग आपल्यातलं सगळ्यात नवखं किंवा नाखूश माणूस कोण ते, आणि मग मासा. लोक नेमकं उलटं करतात आणि मग दुपारी बारालाच गाडीत बसून घरी चला म्हणतात.

बर्फाचं आधी समजून घ्या. पाणी चार डिग्री सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. म्हणून थंडी वाढत जाते तसं वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, असं करत करत अख्खं तळं चार डिग्रीला आलं की त्याच्यापेक्षा गार पाणी हलकं असल्यामुळं वरच राहतं आणि तेच गोठतं. त्यामुळं वर बर्फ, खाली तळाशी चार डिग्रीच्या आसपासचं पाणी आणि त्यात जिवंत मासे. आता यातनं निवडीला काय कळतं? उथळ तळं लवकर गार होतं म्हणून लवकर गोठतं, खोल तळ्याला वेळ लागतो. एकाच गावात एकाच दिवशी एका तळ्यावर लोक चालतायत आणि दोन किलोमीटरवरच्या खोल तळ्यात मधोमध उघडं पाणी, असं सर्रास दिसतं. "थंडी लई पडलीय, आता सगळीच गोठली असतील" हे वाक्य ज्यानं म्हटलं त्याला तळं निवडायला देऊ नका.

आपल्याकडे पावसाळ्यात सोलापूरकर सकाळी उठून पहिलं काय विचारतो? उजनी किती टक्के. चहाच्या टपरीवर, रिक्षात, सगळीकडे तेच. तिथं त्या दिवसांत तसंच विचारतात, किती इंच. आकडे सरकारी खात्यानंच दिलेत, नवा स्वच्छ बर्फ असेल तर चालत जायला कमीत कमी चार इंच, स्नोमोबाईलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरला, पाच ते सात, आणि मोठा पिकअप ट्रक न्यायचा तर फुटाच्या वर पाहिजे. हे आकडे काचेसारख्या, काळपट दिसणाऱ्या बर्फाचे आहेत. पांढरा बर्फ, म्हणजे ज्यात हिम मिसळून गोठलंय, त्याची ताकद साधारण निम्मीच धरायची, म्हणजे जाडी दुप्पट पाहिजे. पण उजनीचं कसं, एकदा टक्के सांगितले की अख्ख्या धरणाचं झालं, तसं बर्फाचं नाही. एकाच तळ्यात इथं दहा इंच आणि शंभर पावलांवर तीन असू शकतो, कारण तिथं खालनं झरा आहे, किंवा ओढा येऊन मिळतोय, किंवा दोन भागांमधली चिंचोळी जागा आहे जिथं पाणी वाहतं राहतं. आणि वरनं हिम पडलेलं असलं तर अजून फसवं, कारण हिम गोधडीसारखं वरची थंडी अडवतं, त्याच्याखाली बर्फ हळू वाढतो आणि वजनानं दबून भेगांतनं पाणी वर येतं.

म्हणून पुढं चालणाऱ्याच्या हातात पहार. साधी लोखंडी पहार, टोकाला धार लावलेली. दर दोन-चार पावलांवर जोरात मारायची. चांगला बर्फ असला की टण्ण असा घट्ट आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात, खराब असला की आवाज बसका होतो, आणि एका दणक्यात टोक पाण्यात गेलं तर तिथनंच, आलेल्या पावलांनी मागं फिरायचं. पुढं जाऊन ऑगरनं भोक पाडायचं, ऑगर म्हणजे पिळदार पात्याचा ड्रिल, आता बॅटरीवरचे मिळतात. भोकातनं बर्फाचा चुरा आणि पाणी भसाभस वर येतं, ते झाऱ्यानं काढायचं, आणि मग आत हात घालून पट्टी बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून इंच वाचायचे. हातमोजा ओला झाला की दोन मिनिटांत लाकडासारखा कडक होतो, म्हणून हे काम ज्याच्याकडे जादा हातमोजे आहेत त्याचं. (इथं कुणीतरी विचारलं, मोजायची जबाबदारी एकाचीच का. तर नाही, प्रत्येक नव्या जागेला मोजायचं, कुणीही मोजा.)

गळ्यात बर्फाचे टोचे पाहिजेत, दोन मुठी आणि त्याला खिळे, दोरीनं जोडलेले. पडलाच कुणी तर ज्या बाजूनं आला तिकडंच तोंड फिरवायचं, कारण तो बर्फ तुम्हाला आत्ताच पेलत होता, टोचे रोवून पाय मारत पोटावर बाहेर यायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं.

आता मोठं तळं की लहान? इथंच आमची खरी जुंपायची. मिल लॅक्स नावाचं तळं आहे, मिनिॲपोलिसच्या उत्तरेला साधारण दोन तासांवर, पाचशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, आणि खोली जास्तीत जास्त बेचाळीस फूट. हिवाळ्यात त्याच्यावर अक्षरशः गाव वसतं, रिसॉर्टवाले बर्फावरनं रस्ते साफ करतात, भेग पडली की तिच्यावर पूल टाकतात, पैसे देऊन गाडी थेट तुमच्या खोलीपर्यंत, खोली म्हणजे चाकावरचं घर, आत पलंग, हीटर आणि जमिनीतच भोकं. आमच्यातल्या निम्म्यांना तेच पाहिजे असायचं. दुसरं अप्पर रेड लेक, अजून उत्तरेला, उथळ म्हणून लवकर गोठतं, त्यामुळं सीझनची सुरुवात करायला लोक तिकडं पळतात. पण मोठ्या तळ्यावर बर्फापेक्षा वारा मोठा मालक असतो. वाऱ्यानं अख्खी लादी किनाऱ्यापासनं सुटते आणि तुम्ही तिच्यावर बसून गप्पा मारत असता. डिसेंबर २०२३ मध्ये अप्पर रेडवर असंच झालं, १२२ लोकांना सुटलेल्या लादीवरनं काढावं लागलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथंच दोनशेच्या आसपास. ही सगळी अडाणी माणसं नव्हती बरं का, वर्षानुवर्षं जाणारी होती. त्यांच्या पायाखालचा बर्फ चालायला पुरेसा होता, फक्त तो किनाऱ्याला धरून राहिला नाही.

माझं मत, पहिल्यांदा येणारा एक जरी माणूस असला तर लहान तळं, ज्याचा समोरचा काठ दिसतो. गाडी रस्त्यावर, सामान घसरगाडीवर ओढत दोन-तीनशे पावलं. वारा अडवायला झाडं. आणि जवळ हॉटेल किंवा पेट्रोल पंप, कारण संडासाचा प्रश्न कुणी आधी विचारत नाही आणि उणे वीसला तो सगळ्यात मोठा प्रश्न होतो. आमच्यातल्या एका वहिनींनी सरळ सांगितलं होतं, मला मासा कुठला ते सांगू नका, बाथरूम किती लांब ते सांगा. हे लई शहाणं बोलणं आहे, मी तेव्हापासनं तळ्याचा नकाशा उघडला की आधी तेच बघतो.

पोरं असतील तर त्यांचा गळ सारखा हलत राहील असं तळं पाहिजे, मोठा मासा नको. ब्लूगिल, पर्च हे लहान मासे दिवसा लागतात. वॉलाय पहाटे आणि संध्याकाळी उजेड उतरताना लागतो, मधे पाच-सहा तास नुसतं भोकाकडं बघत बसायचं. मोठ्या माणसांना ते चालतं, त्यांच्याकडे थर्मास असतो. आम्ही भाकरी आणि शेंगा चटणी न्यायचो, कडक भाकरीला थंडीचं काहीच वाटत नाही, ती आधीच कडक! आमचा तिथला दोस्त चटणी खाऊन अर्धा तास जॅकेट काढून बसला होता.

तंबूत हीटर लावला तर वरची खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म न्यायचा. झोप यायला लागली, डोकं दुखायला लागलं तर थंडीनं नाही, त्या गॅसनं. यावर वाद नको.

आता मासा. जानेवारीच्या मध्याला मासे सुस्त असतात, त्यांचं रक्त पाण्याएवढंच गार, खाणं कमी, म्हणून आमिष बारीक आणि हालचाल हळू. काही जुने लोक अळ्या गोठू नयेत म्हणून गालात ठेवतात, मी नाही ठेवल्या, बघितलंय मात्र. डिसेंबरात जिथं उथळात पाणवनस्पतींपाशी मासे मिळाले तिथं जानेवारीत जाऊन उपयोग नसतो. वर जाड हिम साचलं की उजेड खाली जात नाही, वनस्पती ऑक्सिजन करायच्या थांबतात, उलट सडून असलेला ऑक्सिजन खातात, मग मासे खोल भागात सरकतात. तळं फारच उथळ असलं तर सरकायला जागाच नसते, अख्ख्या तळ्यातले मासे मरतात, वसंतात बर्फ वितळल्यावर काठाला पांढरे ढीग. काही तळ्यांत हे टाळायला हवा सोडायचं मशीन लावतात, पण त्यानं आजूबाजूचा बर्फ पातळ राहतो किंवा पाणी उघडंच राहतं, तिथं पाट्या लावलेल्या असतात, त्या दिसल्या की लांबच राहा.

म्हणजे मध्य हिवाळ्यात लहान पण खोल खड्डा असलेलं तळं. हे कळणार कसं? तिथल्या निसर्गसंपदा खात्याची वेबसाईट आहे, तळ्याचं नाव टाकलं की खोलीचा नकाशा, कुठल्या वर्षी जाळी टाकून मोजणी केली, किती कुठले मासे सापडले, कधी पिल्लं सोडली, सगळं फुकट. संध्याकाळी घरी बसून तीन तळी काढायची. आणि गावातल्या आमिषाच्या दुकानात फोन करायचा, तो माणूस बर्फाचं खरं सांगतो, माशांचं थोडं वाढवून सांगतो.

नियम थोडक्यात, लायसन पाहिजे, तिथं हिवाळ्यात दोन गळ टाकता येतात, उन्हाळ्यात एकच. वॉलायचा सीझन बहुतेक तळ्यांवर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो, पर्च आणि क्रॅपी वर्षभर. मिल लॅक्सवर वॉलायचे नियम दरवर्षी वेगळे, ते निघायच्या आदल्या दिवशी वाचायचे.

आणि ठरवताना दोन तळी ठरवायची. पहिल्याचा बर्फ आवडला नाही तर दुसरं वीस-पंचवीस मिनिटांवर असलं पाहिजे. कारण एकच ठरवलं की दोन तास गाडी चालवून आलेला माणूस तीन इंचाला चार म्हणायला लागतो, मी भल्याभल्यांना म्हणताना ऐकलंय. २०२३-२४ चा हिवाळा तिथं इतका गरम गेला की ब्रेनर्ड गावची, बर्फावर मासे धरायची, हजारो लोकांची मोठी स्पर्धा रद्द करावी लागली, आमचं त्या वर्षी पहिलं गेलं, दुसरंही गेलं, मग बोलिंग खेळून आलो.

शेवटी पुढं बसलेल्या काकांनी विचारलं, मालक, हे आपल्या भारतात कुठं करता येईल का? काका, बर्फ आहे हो. लडाखला पँगाँग तळं पूर्ण गोठतं, खारट पाणी असून गोठतं, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्यावर एकवीस किलोमीटरची मॅरेथॉनसुद्धा झाली. पण त्यातल्या भारताच्या बाजूच्या पाण्यात मासे जवळपास नाहीतच, त्यामुळं गळ घेऊन जाऊ नका, बूट घेऊन जा. मासाच खायचा असेल तर भिगवण जवळ आहे.