अर्ध्या वाट्याचं गाणं

मंडळी, ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. ब्लूज म्हणजे दुःखाची गाणी, असं म्हणून आपण मोकळे होतो. दुःख तर त्यात आहेच. पण ज्या जमिनीत ते उगवलं तिथला व्यवहार समजून घेतल्याशिवाय त्यातून निघालेलं रॉक संगीत कळत नाही, आणि अमेरिकाही कळत नाही.

मिसिसिपी डेल्टा हा अमेरिकेच्या दक्षिणेतला सपाट, गाळाचा, कापसाचा मुलूख. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली. कृष्णवर्णीय कुटुंबं ती अर्ध्या वाट्याने कसायची. बियाणं, खेचर, पीठमीठ मालकाच्या दुकानातून उधारीवर. कापूस विकला की वर्षअखेरीला हिशेब. वही मालकाच्या हातात. निम्मा वाटा उधारीत वळता व्हायचा आणि पुष्कळदा वर कर्जच उरायचं. ही वही लक्षात ठेवा.

वाद्यंही याच परिस्थितीतली. पोरं झाडूला गुंडाळलेली तार सोडवून घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणायची, तिच्याखाली बाटली खोचायची आणि दुसरी बाटली तारेवरून सरकवत सूर काढायची. सरकवण्याची हीच रीत गिटारवर दिसते, तिला स्लाइड म्हणतात. शिकणारे इथे हमखास चुकतात. बोटाने वाजवताना तार पडद्याच्या, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या, जरा मागे दाबतात. स्लाइडची काचेची नळी मात्र नेमकी पडद्याच्या वर यायला हवी, आणि तार पडद्याला टेकता कामा नये. टेकली की खडखड. नळीच्या मागे एक बोट हलकंच ठेवून तार मुकी करायची, नाहीतर मागचा तुकडाही वाजत राहतो.

एवढा खटाटोप कशासाठी? कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागेसाठी. पियानोवर ती जागा नाहीच. बोटाने वाजवत असाल तर कोमल गंधाराची तार किंचित ओढायची, पाव स्वराएवढीच. शुद्ध गंधारापर्यंत नेली तर सूर पक्का लागतो, पण ब्लूज निघून जातो.

आता बांधणी. बारा बार, प्रत्येक चार मात्रांचा. ई पट्टीत धरा (ई, ए, बी सेव्हन ही स्वरसंगतींची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांची नावं): चार बार ई, दोन ए, दोन ई, मग एक बी सेव्हन, एक ए आणि शेवटचे दोन ई. शब्दांची एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ पहिलीचा उलगडा करणारी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गाणारा साधारण दोनच वापरतो. उरलेल्या दोनांत गिटार उत्तर देते. नवशिके ही जागा भरून टाकतात, आणि बारा बार बरोबर मोजूनही ब्लूज होत नाही. शेतात आणि चर्चमध्ये एकाने म्हणायचं नि बाकीच्यांनी झेलायचं, त्या सवयीची ही जागा आहे. माणूस एकटा गात असला तरी दुसऱ्याचा अर्धा वाटा तो राखून ठेवतो. मालकाच्या वहीत जे कधी झालं नाही ते इथे, गाण्यात, चोख होतं. ब्लूजमधली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

१९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी अमेरिकेची दक्षिण सोडली. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला गेला. तिथल्या गर्दीच्या दारूगुत्त्यांत लाकडी गिटार ऐकू येईना, म्हणून विजेची आली. छोटे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर पूर्ण आवाजावर नेले की आवाज फाटायचा. ते फाटणं लोकांना आवडलं. १९५१ मध्ये क्लार्क्सडेलचा एक बँड मेम्फिसला 'रॉकेट ८८' हे गाणं ध्वनिमुद्रित करायला गेला तेव्हा वाटेत त्यांचा अँप्लिफायर बिघडला होता. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी स्पीकरच्या फाटक्या पडद्यात कागद कोंबला आणि तसंच वाजवायला सांगितलं. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी जमवणाऱ्या माणसाला त्या घरघरीचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि चक बेरी. सेंट लुइसचा हा कृष्णवर्णीय गिटारवादक मे १९५५ मध्ये शिकागोच्या चेस या तबकड्यांच्या कंपनीत आला, तो गोऱ्यांच्या फिडलवर (व्हायोलिनवर) वाजणारी 'आयडा रेड' ही जुनी चाल आपल्या पद्धतीने गात. त्यातून 'मेबलीन' झालं. ध्रुवपदात ब्लूजचे बारा बार. कडव्यांत मात्र स्वरसंगती हलतच नाही, एकाच जागी धावत राहते. आणि गोष्ट काय, तर व्ही-८ फोर्ड मोटार एका कॅडिलॅक मोटारीचा पाठलाग करते आहे. कापसाच्या शेताला बांधलेल्यांच्या नातवंडांच्या पिढीला मोटार म्हणजे काय वाटत असेल, ते या दोन-सव्वादोन मिनिटांत ऐकू येतं. गोऱ्यांची चाल, काळ्यांचा ठेका, मोटारींच्या डेट्रॉइट शहराचं इंजिन. अमेरिका कशाची बनली आहे असं कुणी विचारलं तर मी आधी हे गाणं लावीन.

पण तबकडी बाजारात आली तेव्हा गीतकार म्हणून बेरीच्या जोडीला आणखी दोन नावं होती. त्यातलं एक अॅलन फ्रीड या रेडिओ निवेदकाचं, ज्याने ती तबकडी वाजवून वाजवून लोकांपुढे नेली. गाण्याच्या मानधनातला वाटा त्या दोघांकडे जाऊ लागला. वही पुन्हा दुसऱ्याच्या हातात होती. 'मेबलीन'चं पूर्ण श्रेय एकट्या बेरीच्या नावावर आलं ते १९८६ मध्ये.