बसलं म्हणजे जुळलं असं नाही

(नाशिकमध्ये विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो आणि पालकहो,

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकच्या कितीतरी घरांत गेमिंगचा कॉम्प्युटर सुटे भाग घेऊन जुळवण्यासाठी एक यादी तयार होते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि प्रत्येकापुढे किंमत. यादीतली एकेक वस्तू पाहिली तर उत्तम असते. या सगळ्या वस्तू एकमेकींबरोबर नांदतील का, एवढंच कुणी तपासलेलं नसतं. कोणतं कार्ड सगळ्यात दमदार हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी आज फक्त या जुळणीबद्दल बोलणार आहे.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करणारे पालक इथे आहेत. बेअरिंग शाफ्टवर चढलं म्हणून काम झालं असं ते कधीच म्हणणार नाहीत. मशीन लोडवर चाललं पाहिजे. इथेही जो भाग बसतच नाही, तो फारसा त्रास देत नाही, कारण तो दुकानातच परत करता येतो. पैसे खातो तो बसणारा पण न जुळणारा भाग.

आधी मॉनिटर आणि गेम ठरवा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर खेळायचं असेल तर प्रोसेसरवर जास्त भार येतो. मोठ्या, देखण्या, कथेच्या गेम्सना ग्राफिक्स कार्ड जास्त लागतं. साध्या ६० हर्ट्झच्या फुल एचडी मॉनिटरसमोर महागडं कार्ड लावलं, तर त्याची बरीचशी ताकद दिसतच नाही.

मग प्रोसेसर आणि बोर्ड, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटवर, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाच्यावर बसतात. एएमडीचे रायझन ५००० एएम४वर बसतात, आणि २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० व त्यानंतरचे डेस्कटॉप प्रोसेसर एएम५वर. इथवर बहुतेकांना माहीत असतं. अडचण यापुढे आहे. एएम४चेच बी४५० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, तिच्यावरून बोर्डाचा प्रकार ठरतो) बोर्ड २०१८ साली आले आणि रायझन ५००० आले २०२० च्या अखेरीस. सॉकेट तेच, प्रोसेसर अगदी नीट बसतो, पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. कारण बोर्डावरच्या जुन्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरला, हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. एलजीए १७००च्या बी६६० बोर्डावर चौदाव्या पिढीचा इंटेल बसवला तरी हीच गत होऊ शकते.

म्हणून प्रत्येक बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर प्रोसेसरची जी यादी असते, ती उघडाच. तुमच्या प्रोसेसरसमोर बायोसची आवृत्ती लिहिलेली असते. दुकानदाराला स्पष्ट विचारा की या खोक्यातल्या बोर्डावर ती आवृत्ती आहे का, नसेल तर अपडेट करून द्याल का. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. त्यात प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून अपडेट होतो.

प्रोसेसरच्या नावातली अक्षरंही वाचा. इंटेलच्या आकड्यामागे एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही. कार्ड नंतर घेऊ म्हणून हे प्रोसेसर घेणारे मशीन सुरू करून कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसतात.

रॅमचं सोपं आहे, पण एक खाच लक्षात ठेवा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, खाच मात्र वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी जात नाही. एएम५ला फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या बी७६० बोर्डांत मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, आणि नावं इतकी सारखी की ऑर्डर करताना पूर्ण नाव वाचायला हवं. सोळा जीबीची एकच काडी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या आणि चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. खोक्यावर ६००० लिहिलंय म्हणून रॅम आपोआप त्या वेगानं चालत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला छापील वेगानं चालवणारं सेटिंग, चालू करावं लागतं. कित्येक मशीनमध्ये ते कुणी केलेलंच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. पैसे दिले होते त्या वेगाचे!

आता ग्राफिक्स कार्ड. स्लॉट सगळीकडे सारखाच लांब दिसतो, आतल्या वाटा मात्र सारख्या नसतात. कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात, आणि आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड त्याच्या चारच लेन वापरतं. बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी असेल तर निभतं. तिसरी असेल तर त्या चार लेनचा वेग निम्मा होतो आणि बऱ्याच गेम्समध्ये ते स्पष्ट जाणवतं. रायझन ५ ५६००जी घेतला तर बी५५० बोर्डावरसुद्धा कार्डाला तिसरीच पिढी मिळते, कारण ती मर्यादा प्रोसेसरची आहे. सगळं बसलेलं, सगळं सुरू, आणि तरी गेम अडखळतो.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आपल्याकडे सगळ्यात जास्त काटकसर होते. ती करू नका. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉटचं आहे आणि कंपनी त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर कितीही वॉट छापलेले असोत, त्यावर हे कार्ड चालवू नका. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. संरक्षण आणि वॉरंटी वेगळी तपासा. एक गोष्ट पाठच करा: एका मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्यात हार्ड डिस्क किंवा बोर्ड जळतो.

पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून यूपीएसही याच हिशोबात धरा. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा पाहून घ्या. ते मशीनसाठी जितकं, तितकंच मुलांसाठी.

कॅबिनेट शेवटी घ्या. बोर्डाचा आकार, कार्डाची लांबी आणि प्रोसेसरच्या कूलरची उंची ही तीन मापं मिलिमीटरमध्ये ताडून पाहा. बरेच टॉवर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटची बाजूची काच मग लागत नाही. नाशिकची हवा थंड म्हणतात, पण एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपर्यंत जातो. पुढून बंद काच असलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा जाळीचं घ्या.

खरेदी इथल्या दुकानातून करा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करा किंवा ऑनलाइन. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर मात्र लिहून घ्या.

आणि पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हासाठी सांगतो. एएम५ आणि डीडीआर५ असेल तर बोर्ड आधी रॅमची चाचपणी करतो. स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. घाबरून लाइट बंद करू नका, थांबा. तरीही काही आलं नाही तर आधी मॉनिटरची केबल बघा. ती बोर्डाच्या पोर्टला नाही, ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लागलेली हवी. ज्यांनी आपापल्या याद्या आणल्यात त्यांनी पुढे या. बोर्डाचं पूर्ण नाव लिहिलं नसेल तर आधी ते लिहा, मग एकेक तपासू.