फ्रिजवरची श्रद्धा

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'सूक्ष्मजीव-नमुन्यांचे जतन, वेष्टन आणि वहन'. तीन गोष्टी, चाळीस मिनिटं. हिशेब सोपा आहे. पण मागच्या रांगेतले माझे जुने सहकारी आत्ताच हसायला लागलेत. त्यांना ठाऊक आहे की यातली तीस मिनिटं मी फ्रिजवर घालवणार.

तर, फ्रिज. कुठल्याही वॉर्डातला उघडून बघा. वरच्या कप्प्यात इन्सुलिन, दारात कुणाचा तरी डबा (तो तिथे असू नये, पण असतो) आणि खाली उद्या सकाळी लॅबला जायचे नमुने. लघवी, थुंकी, पू, पाठीतलं पाणी, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. गार ठेवलं की टिकतं, अशी आपली श्रद्धा. आता मला खरं सांगा. रात्रीचे अकरा वाजलेत, सीएसएफ (तेच पाठीतलं पाणी, मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढलंय, कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पाठवायचंय आणि लॅब सकाळी उघडणार. फ्रिजमध्ये कोण कोण ठेवेल? हात वर करा. छान. शेजाऱ्याकडे बघून ज्यांनी हात अर्ध्यावरून खाली घेतला, त्यांनाही मी मोजलंय.

माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट सांगतो. इथल्या निम्म्या लोकांनी ती ऐकली आहे, त्यांनी सोसावी. सकाळी एक बाटली आली, हाताला गारेगार लागणारी. आत गढूळ सीएसएफ. स्लाइड केली, ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून रंग, केला, आणि काय सांगू, पुस्तकातलं चित्र! पेशींच्या आत-बाहेर गुलाबी जोड्या, कॉफीच्या बियांसारख्या, सपाट बाजू समोरासमोर. हा मेंदूज्वराचा जंतू, मेनिंगोकॉकस, अशी माझी खात्रीच पटली. वॉर्डात फोन केला आणि ऐटीत सांगितलं, उद्या कल्चर देतो. दुसऱ्या दिवशी चॉकलेट अगारची (जंतूंच्या खाद्याची) प्लेट स्वच्छ, जशी लावली तशी. तिसऱ्या दिवशीही तीच. आमच्या वरिष्ठ बाईंनी प्लेट उजेडात धरली, मग माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "रात्रभर कुठे होतं हे?"

मी वॉर्डात गेलो. आधी अँटिबायोटिक दिलं होतं का, हे विचारलं, नव्हतं. नमुना कुठे होता, तर फ्रिजमध्ये. ज्या निवासी डॉक्टरने ठेवला होता तो बिचारा म्हणाला, "खराब होऊ नये म्हणून मुद्दाम ठेवला, सर." मुद्दाम! निष्काळजीपणा असता तर मी रागावलो असतो. इथे काळजीनेच घात केला होता. मेनिंगोकॉकसला थंडी सोसत नाही. मेलेला जंतूही ग्रॅम स्टेनमध्ये दिसतो, म्हणून स्लाइडवर जोड्या होत्या. प्लेटवर उगवायला मात्र तो जिवंत लागतो. रुग्ण स्लाइडच्या रिपोर्टवर बरा झाला, पण कुठलं औषध चालेल हे तपासायला आमच्या हातात जंतूच उरला नव्हता. फॉर्मवर नमुना घेतल्याची वेळही नव्हती. तो रकाना कोराच असतो. कोऱ्या रकान्यावर मी वेगळं बोलेन, आज नाही.

लगेच पोहोचणार नसेल, तर कल्चरसाठीचं सीएसएफ खोलीच्या तापमानाला ठेवा, जमलं तर ३७ अंशाच्या इनक्युबेटरमध्ये. ब्लड कल्चरच्या बाटल्यांचंही तेच. फ्रिज त्यांच्यासाठी नाही.

आता उलटं टोक. लघवीला फ्रिज हवाच, आणि नेमकी तीच खिडकीत उन्हात ठेवलेली असते. गणित करू. मिलिलिटरला ५०० जंतू आहेत, म्हणजे क्षुल्लक. अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरा. चार तासांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ पट, म्हणजे १,२८,०००. संसर्गासाठी आपण एक लाखाची रेघ धरतो, ती ओलांडली! रुग्णाला काहीही झालेलं नाही, पण त्याला औषध सुरू. म्हणून दोन तासांत लॅबला, नाहीतर ४ अंशाला आणि २४ तासांच्या आत. बोरिक ॲसिडची नळी (तिच्यात जंतू वाढत नाहीत) असेल तर उत्तमच.

विषाणूंना मात्र थंडी मानवते. २ ते ८ अंशाला ७२ तास. त्याहून जास्त थांबायचं असेल तर उणे ७०. फ्रीझरच्या उणे २० वर समाधान मानू नका.

थंडी बरोबर पण बाकी सगळं चुकीचं, असंही होतं. सप्टेंबर १९७६. काँगोतल्या किन्शासाहून बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्रयोगशाळेत रक्ताचा एक नमुना प्रवासी विमानातून आला, कुणाच्या तरी हातातल्या सामानात, निळ्या थर्मासमध्ये. पीतज्वराची शंका होती. उघडलं तर बर्फ बराचसा वितळलेला, दोन काचेच्या नळ्यांपैकी एक फुटलेली आणि रक्त त्या पाण्यात मिसळलेलं. उघडणाऱ्यांच्या अंगावर हातमोज्यांपलीकडे फारसं काही नव्हतं. दुसरी नळी शाबूत राहिली आणि तिच्यातून जो विषाणू वाढला, तो इबोला. थंडीने त्याला जपलं, ही एक गोष्ट. त्या विमानात शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, हा विचार मी सहसा रात्री करतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बघा, झालंच!

वेष्टन पटकन. तिहेरी: आत न गळणारी नळी, भोवती सगळं द्रव शोषेल एवढा कापूस, मग दुसरा न गळणारा डबा, बाहेर टणक खोका. फॉर्म दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये. नळीला गुंडाळायचा नाही, माझी हात जोडून विनंती. नेहमीच्या निदान-नमुन्यांवर यूएन ३३७३ चा, म्हणजे अशा नमुन्यांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, चौकटीतला शिक्का. हा खोका १.२ मीटरवरून पडला तरी टिकायला हवा.

माध्यमं. ट्रान्सपोर्ट मीडियम, म्हणजे नमुना वाटेत ज्यात ठेवतात ते, जंतूंना जगवतं, वाढवत नाही. मुद्दामच उपाशी ठेवतं. घशातल्या-जखमेतल्या स्वॅबला एमीज, शौचाला कॅरी-ब्लेअर. पटकीसाठी वेंकटरामन-रामकृष्णन, १९४१ चं, आपल्याच देशातलं: समुद्री मीठ, थोडं पेप्टोन, भरपूर अल्कली, आणि पटकीचा जंतू त्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. यावर मला खरं तर वीस मिनिटं हवी होती. पोलिओसाठी शौचाचे दोन नमुने, किमान २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांत, बर्फावर. पू असेल तर सिरिंजने ओढा, स्वॅब बुडवून पाठवू नका. विनावायू जंतू त्यात गुदमरतात, म्हणजे आपल्या उलट, हवेने गुदमरतात. कल्चरसाठी काढलेला शरीराचा तुकडा सलाईनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे जंतूच मारणाऱ्या द्रवात, घातलात तर... नको, रक्तदाब वाढतो माझा.

हो हो, उठतोच आहे. एकच. कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, वापरणार असाल तर खोका हवाबंद करू नका. त्याचा वायू होतो, वाट मिळाली नाही तर खोका फुटतो. आणि तो आतल्या डब्यात टाकायचा नाही, बाहेरच्या खोक्यात, दोन्हींच्या मधल्या जागेत.